न आलेली गाय

कोसमघाटच्या शिवारात मुरुमाची एक लांबच लांब पट्टी होती. लढाईच्या वर्षांत सरकारनं ती करून घेतली होती, अडीअडचणीला एखादं विमान उतरलंच तर जागा असावी म्हणून. आजूबाजूच्या सात गावांतली माणसं वर्षभर तिथं मुरूम वाहत होती. लढाई संपली, विमान काही आलं नाही, आणि गावानं पट्टीवर खळी घातली. धान मळायला इतकी सपाट जागा अख्ख्या चांदा जिल्ह्यात दुसरी नाही, असं म्हातारे पाहुण्यांना सांगत.

एकावन्न सालच्या कार्तिकात चांद्याहून एक ट्रक आला. त्यातून गुणवंतराव नावाचे कारकून उतरले. नागपूरच्या एका खासगी विमान कंपनीला इथल्या जंगलाचे आणि सूरजागडच्या डोंगरांचे वरून फोटो काढायचं काम मिळालं होतं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत विमान इथं उतरणार, इंधनाची पिंपं इथं राहणार. पट्टी साफ ठेवायला आणि राखायला एक माणूस हवा होता. तो गावातला असावा, दारू न पिणारा असावा, आणि त्याला वाचता यावं. तिन्ही अटींत बसणारा माणूस गावात एकच निघाला, लटारू बोरकुटे.

लटारू तेव्हा तिशी ओलांडलेला होता. उंच, मान जरा पुढं काढून चालणारा, चौथी पास. दोन बांध्यांत धान पिकवायचा आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. एक खोड मात्र होती. कुठलंही काम तो दोनदा करी. घराचं दार लावलं की दहा पावलं जाऊन परत यायचा, कडी ओढून पाहायचा. त्याची बायको मनकर्णा वैतागून म्हणायची, "दाराले पाय फुटले काय, पळून जाते काय थे?" पण पट्टी राखायला असाच माणूस लागतो, हे गुणवंतरावांना पहिल्या आठवड्यात कळलं.

पट्टीच्या मध्याशी एक खांब उभा केला, त्यावर वाऱ्यानं फुगणारी कापडाची लांब पिशवी टांगली. साहेब लोक तिला विंडसॉक म्हणत. गाव म्हणालं, साहेबाचा पायजमा. एका पायाचा का असेना. वारा ज्या अंगाला जाई त्या अंगाला पायजमा ताठ होई, आणि वर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला कळे की कोणत्या बाजूनं उतरायचं.

विमान येण्याच्या आदल्या दिवशी गुणवंतरावांनी सांगितलं, "उद्या ईटीए अकरा वाजता आहे, तयार राहा." दुसऱ्या दिवशी लटारूनं पाटलांच्या घरून खुर्ची आणून मांडली, तांब्याभर पाणी झाकून ठेवलं. विमान उतरलं, चौघं जण खाली आले. लटारूनं चौघांना पाणी दिलं, पण खुर्चीवर कुणाला बसू देईना. "हे ईटीए साहेबांसाठी हाय जी," तो म्हणाला. गुणवंतराव हसून हसून खाली बसले. चौघांतला जो मुख्य होता तो हसला नाही. त्यानं लटारूच्या खांद्यावर हात ठेवला आणि नीट समजावलं, की ईटीए म्हणजे माणूस नव्हे, विमान पोचण्याची अंदाजाची वेळ. मग म्हणाला, "आता तुला एक शब्द आला. बाकीचे मी शिकवीन."

हा माणूस म्हणजे कॅप्टन मायदेव. पुण्याचा, गोरा, बारीक मिशा, बोलणं स्वच्छ आणि हळू. त्यानं शब्द पाळला. दुपारी फोटोंचं काम संपलं की तो मोहाच्या झाडाखाली बसायचा, काडीनं जमिनीवर पट्टी काढायचा, आणि लहानसा दगड विमान म्हणून फिरवायचा. वाऱ्याबरोबर पट्टीला समांतर जायचं ते डाउनविंड. मग वळायचं, आणि पट्टी नाकासमोर आली की फायनल. वारा समोरून हवा, म्हणजे विमान लवकर थांबतं. पाठीमागून असला तर तो टेलविंड, तो विमानाला ढकलत नेतो. चाक टेकणं म्हणजे टचडाउन, त्याला उशीर झाला आणि पट्टी पुरली नाही, तर ओव्हरशूट. काही चुकतंय असं वाटलं तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं आणि फिरून यायचं. त्याला गो-अराउंड.

"आमच्या धंद्यात शब्द चुकला की माणूस मरतो," मायदेव म्हणायचा. "म्हणून शब्द थोडे, आणि एकाचा एकच अर्थ."

लटारूला हे फार पटलं. गावातल्या शब्दांना चार तोंडं असतात. 'पाहू' म्हणजे नाहीसुद्धा, 'येतो' म्हणजे जातोसुद्धा. इथं तसं नव्हतं. हिरवी झेंडी म्हणजे ऑल क्लिअर, पट्टी मोकळी आहे, या. लाल झेंडी म्हणजे उतरू नका, गो-अराउंड. पट्टीवर बिनतारी यंत्र नव्हतं. आकाशातल्या माणसाला जमिनीवरून सांगायला लटारूच्या हातातल्या त्या दोन झेंड्याच होत्या.

"वर आम्ही चौघं, खाली तू एकटा," मायदेवनं एकदा मनकर्णाच्या हातचं लाखोरीचं वरण आणि भात जेवताना सांगितलं. "आम्ही एअर क्रू, तू ग्राउंड क्रू. क्रू म्हणजे एका ताटातली माणसं. कुणी कुणाला सोडायचं नाही."

त्या दिवसापासून लटारू पट्टीवर जाताना डोक्याला धुतलेला दुपट्टाच बांधायचा. पोरं मागून 'फायनल, फायनल' ओरडायची. त्याला त्याचं काही वाटत नसे.

पट्टीची खरी काळजी ढोरांची होती. गावची गुरं राखायचा ढोरकी बुधू. गोंड माणूस, लटारूच्याच वयाचा, दोघं एकाच तळ्यात पोहायला शिकलेले. विमानाला तो लोखंडाचा पिट्टे म्हणायचा. गोंडीत पिट्टे म्हणजे पाखरू. लटारूनं आणि त्यानं आपसांत ठरवून टाकलं होतं. विमान यायच्या आधी लटारू रिकाम्या पिंपावर तीन टोले द्यायचा, की बुधू सगळा कळप नाल्यापलीकडं हाकून न्यायचा. दोन हंगामांत पट्टीवर एक खूर पडला नाही. बुधूला त्याचं कुणी काही देत नव्हतं, आणि त्यानं मागितलंही नाही. लटारूचं काम म्हणजे त्याला आपलंच वाटे.

त्रेपन्न सालच्या मार्चात ते घडलं. पश्चिमेचा वारा सुटला होता, पायजमा पूर्वेकडं ताठ झाला होता. अशा वाऱ्यात विमानानं पूर्वेकडून यायचं असतं. लटारूनं तीन टोले दिले, बुधूची ढोरं नाल्यापलीकडं गेली, पट्टी दोनदा पाहून झाली. पण विमान नागपूरहून, म्हणजे पश्चिमेकडून आलं. उशीर झाला होता, आणि इथं इंधन भरून लगेच फोटोंना निघायचं होतं. तीन वाजून गेले की सावल्या लांबतात आणि फोटो बिघडतात, हे लटारूलाही ठाऊक होतं. फिरून पूर्वेला जाण्याऐवजी विमान तसंच सरळ खाली येऊ लागलं. वारा पाठीवर घेऊन.

लटारूनं हिरवी झेंडी खाली टाकली आणि लाल उचलली. पट्टीच्या मधोमध येऊन तो विमानाकडं पळत सुटला. झेंडी दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवत होता. विमान वर उठेना. शेवटी त्यानं जमिनीवर अंग टाकलं, आणि ते धूड त्याच्या पाठीवरून वारा घालत निघून गेलं. पट्टीचा अर्धा भाग मागं पडल्यावर चाकं टेकली. पट्टी संपली, विमान थांबलं नाही. पुढच्या बांधीच्या धुऱ्याच्या उंचवट्यावर आपटलं, एका अंगाला कललं, आणि मोडलेल्या चाकावर बसलं.

आग लागली नाही, आणि त्या दिवशी आत तिघंच होते, एवढं नशीब. मायदेवचं कपाळ फुटलं होतं. त्याच्या जोडीला बसणारा दुसरा वैमानिक खरचटून वाचला. कॅमेऱ्यावर काम करणारा सेन नावाचा तरुण मात्र यंत्राखाली सापडला होता. त्याला लटारूनं आणि बुधूनंच बाहेर ओढलं. गुडघ्याखाली पायाचा चेंदा झाला होता. बाजेवर घालून त्याला ट्रकपर्यंत नेलं, ट्रक चांद्याच्या दवाखान्याकडं गेला.

संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, मायदेव लटारूच्या अंगणात आला. कपाळाला पट्टी होती. बाजेवर बसला आणि पाणी मागितलं.

"सेनचा पाय जाईल बहुतेक," तो म्हणाला. "मी पाहिली रे तुझी झेंडी. वाटलं, बसेल. आजवर बसत आलंय."

लटारू खाली मान घालून उभा होता. साहेबानं हे कबूल केलं, याचंच त्याला भरून आलं.

"लटारू, सरकार सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतंय. नवी मोठी सरकारी कंपनी निघणार. तिच्यात घेताना प्रत्येक वैमानिकाचा कागद बघतील. माझ्या कागदावर हे चढलं, तर मी पुन्हा उडत नाही. जन्मभर जमिनीवर."

"मंग काय करा लागते जी?"

"कुणी विचारलं तर एवढंच सांग, की पट्टीवर गाय आली होती. गायीला वाचवायला गेलो आणि विमान लांब गेलं, असं मी सांगतो. गायीला कोण शिक्षा करतंय?"

"पण गाय त आली नोहती, साहेब."

"नव्हती आली. म्हणून तर तुझ्याकडं आलो. दुसऱ्या कुणाकडं गेलो असतो का?" मायदेवनं त्याचा हात धरला. "नव्या कंपनीत गेलो की तुला नागपूरला नेतो. सोनेगावच्या विमानतळावर. तिथं तुझ्यासारखा माणूस हवाच."

"मले काई होइन काय याच्यानं?"

"तुला काय होणार? मी आहे ना."

मायदेव गेल्यावर चुलीपाशी बसलेली मनकर्णा म्हणाली, "गाय आली म्हणशीन, त कोणाची म्हणून पुसतीन. ढोरकी कोण म्हणून पुसतीन."

"साहेब हायेत ना," लटारू म्हणाला.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. सकाळी गुणवंतरावांनी जबानी लिहून घेतली. पट्टीवर गाय आली होती. लटारूनं खाली सही केली, नेहमीसारखी दोनदा वाचून.

पाचव्या दिवशी एक शिपाई आला आणि बुधूला ठाण्यात घेऊन गेला. ढोरं मोकाट सोडून विमान पाडलं, माणूस लंगडा केला, असं म्हणणं होतं. दोन दिवस त्याला बसवून ठेवलं. चौकशीला हजर राहीन म्हणून अंगठा घेतला आणि सोडलं. तो सरळ लटारूकडं आला. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. मनकर्णानं भाकर दिली, ती त्यानं हातातच धरून ठेवली.

"पट्टीवर गाय आली होती म्हणते थो सिपाई," तो म्हणाला. "कोणाची गाय? तू टोले देल्ला, मी आयकलो, सगळे ढोरं नाल्यावर नेलो. एक बी मागं नोहती. कोन सांगतलं असन असं?"

लटारूनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"तू त तिथीच होतास. तू सांग ना त्याइले."

"सांगतो."

"कवा?"

"चौकशीत सांगतो."

बुधूचा चेहरा मोकळा झाला. तिथंच बसून त्यानं भाकर खाल्ली. लटारू उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

त्यानं मायदेवला नागपूरच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. गाईचं म्हटल्यानं बुधूला त्रास होऊन राह्यला, आपण येऊन मिटवावं, आपला लटारू. उत्तर आलं नाही. साहेबाला काम असेल, चौकशीला येईलच, आला की एका शब्दात सगळं नीट करेल, असं तो मनकर्णाला सांगत राहिला. ती नुसतं ऐकून घ्यायची.

चौकशी आलापल्लीच्या रेस्ट हाउसात झाली. दिल्लीहून एक पिकल्या केसांचे साहेब आले होते. त्यांना मराठी येत नव्हती, मधे गुणवंतराव दुभाषी. लटारूला भिंतीला लागून उभं केलं होतं. बुधू दाराबाहेर पायरीवर बसला होता. मायदेव आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, टोपी काखेत धरून. लटारूकडं पाहून त्यानं किंचित मान हलवली. लटारूच्या छातीवरचा धोंडा उतरला.

मग मायदेव इंग्रजीत बोलू लागला. संथ, एका लयीत, कागद न पाहता. लटारूला इंग्रजी येत नव्हतं. पण त्या वाहत्या बोलण्यातून ओळखीचे शब्द एकेक करून वर येऊ लागले, तळ्यात मासे तोंड काढतात तसे. डाउनविंड. फायनल. साहेब डाउनविंडवरून वळून फायनलला आले म्हणत होते. म्हणजे पूर्वेकडून आलो, म्हणत होते. मग, नो रेड फ्लॅग. रेड फ्लॅग म्हणजे लाल झेंडी, 'नो' तर गावातल्या पोरांनाही ठाऊक होता. मग, काऊ. मग एकदा, दोनदा, तीनदा, ग्राउंड क्रू. आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागं एक शब्द, जो लटारूनं कधी ऐकला नव्हता. नेग्लिजन्स.

दिल्लीचे साहेब लिहून घेत होते. लटारू भिंतीपासून एक पाऊल पुढं आला.

"कप्तानसाहेब," तो म्हणाला, "नेग्लिजन्स म्हंजे काय जी? हा शब्द तुमी मले शिकवला नाई."

मायदेव समोरच्या खिडकीकडं पाहत राहिला. शेवटी गुणवंतराव हळूच म्हणाले, "हयगय. तू कामात हयगय केलीस, जागेवर नव्हतास, झेंडी दाखवली नाहीस, असं म्हणताहेत."

लटारूला आधी राग आलाच नाही. त्याला वाटलं, कुठंतरी ऐकण्यात चुकलं असेल. ज्या माणसानं अंगणात बसून झेंडी पाहिली म्हणून सांगितलं, तोच माणूस हे बोलतोय, हे दोन्ही एकत्र बसेना. मग बसलं. गाय आली असेल तर ती राखणदाराच्या हयगयीनंच आली असणार, दुसरी कशी येईल? इतकी साधी गोष्ट. मनकर्णाला चुलीपुढं बसून अर्धी कळली होती, आणि आपण पट्टी दोनदा पाहणारा माणूस, आपल्याला एकदाही दिसली नाही.

"साहेब, टेलविंड होता," तो दिल्लीच्या साहेबांकडं वळून म्हणाला. "डाउनविंड झालाच नाई. इमान पश्चिमेहून सीधं फायनलले आलं. म्या लाल झेंडी दाखवली. गो-अराउंड करा लागत होतं, नाई केलं. अर्ध्या पट्टीवर टचडाउन झालं, अन् ओव्हरशूट झालं. गाय नोहती."

दिल्लीच्या साहेबांनी लेखणी खाली ठेवली. गुणवंतरावांना भाषांतर करायला फारसं उरलंच नव्हतं. साहेबांनी त्याला विचारलं, टेलविंड म्हणजे काय? लटारूनं डावा हात पट्टीसारखा धरला, उजवा त्याच्यावरून नेला आणि मागून फुंकर घातली. त्या दिवशी विंडसॉक कुठल्या बाजूला होता? त्यानं खिडकीतून पूर्वेला बोट दाखवलं. साहेब बराच वेळ त्याच्याकडं पाहत होते. मग त्यांनी फायलीतून एक कागद काढला.

"ही सही तुझी?" गुणवंतरावांनी विचारलं.

"माई हाय."

"यात गाय आली असं तू सांगितलंस. तेव्हाचं खोटं, की आताचं?"

"तवाचं खोटं."

"मग सांगितलंस कशाला?"

लटारूनं मायदेवकडं पाहिलं. "साहेबांनं म्हणलं म्हणून."

आता मायदेवनं पहिल्यांदा त्याच्याकडं तोंड फिरवलं आणि मराठीत बोलला. आवाज तोच, मोहाखालचा, हळू, समजुतीचा.

"लटारू, असं मी कधी म्हणालो?"

मायदेव भांडला असता, ओरडला असता, तर लटारूला पुढं बोलता आलं असतं. त्यानं दाराकडं पाहिलं. बुधू पायरीवरून उठून चौकटीत येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. कोन सांगतलं असन, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं होतं.

चौकशीत आणखी काही निघालं नाही. दुसऱ्या वैमानिकानं आपल्या कॅप्टनच्या शब्दाला शब्द जोडला. सेन दवाखान्यात तापात होता, त्याला कुणी विचारायला गेलं नाही. एकदा असं आणि एकदा तसं सांगणाऱ्या माणसाच्या बोलण्याला कितीसं वजन. बुधूवरचं बालंट गेलं, कारण पट्टी राखणं हे ढोरक्याचं काम नव्हे, असं साहेबांनी लिहिलं. लटारूचं काम गेलं. कंपनीनं त्याच महिन्यात पिंपं उचलली आणि कोसमघाट सोडलं. पायजमा खांबावरच राहिला, आणि आषाढात फाटून गेला.

आलापल्लीहून कोसमघाट अकरा मैल. त्या दिवशी दोघं एकाच वाटेनं परतले. बुधू पुढं, लटारू मागं. लटारूनं दोनदा हाक मारली. बुधू थांबला नाही, भरभर चाललाही नाही. मधलं अंतर तेवढंच राहिलं, गाव येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी मनकर्णानं गाय सोडून दारासमोर उभी केली. बुधू कळप घेऊन आला. शेजारच्या सुकरीची गाय घेतली, पाटलांचे बैल घेतले. लटारूच्या गायीला काठी लावून बाजूला केलं आणि पुढं गेला. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं, तेव्हा मनकर्णानं दोरी हातात घेतली आणि स्वतः चारायला निघाली. नवऱ्याला ती त्यावरून एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं त्याला वाटायचं.

लटारूला जंगल खात्याच्या लाकूड आगारात काम मिळालं. सागाच्या ओंडक्यांवर हातोड्यानं नंबर ठोकायचं. कामात तो चांगलाच होता. बोलणं मात्र आटत गेलं. कुणी 'मी आहे ना' म्हणालं की तो तिथून उठायचा. आगाराच्या मुकादमानं एकदा साधं 'चिंता नको करू, मी पाहून घेतो' म्हटलं, तर लटारूनं त्याच्याकडून ते कागदावर लिहून मागितलं. लोक हसले.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात मनकर्णाच्या भाच्याच्या लग्नाला जाताना नागभीडच्या स्टेशनावर त्याला गुणवंतराव भेटले. केस गेले होते, कुठल्याशा राइस मिलमध्ये कारकून होते. त्यांनीच ओळखलं, चहा घेतला. मायदेव नव्या सरकारी कंपनीत लागला होता, कलकत्त्याच्या विमानावर होता. सेननं एका पायावर नागपुरात फोटोचं दुकान टाकलं होतं.

"मी पण पाहिला होता त्या दिवशी तो पायजमा, लटारू," गुणवंतराव कप खाली ठेवत म्हणाले. "पूर्वेलाच होता."

"मंग बोल्ले काऊन नाई जी?"

"कुणी विचारलंच नाही."

लटारूनं थोडा विचार केला. "मले त विचारलं होतं," तो म्हणाला, "अन् म्या खोटं सांगतलं."

गाडी आली. गुणवंतरावांनी त्याच्याकडून पत्ता घेतला नाही, त्यानंही दिला नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, मोह वेचायच्या दिवसांत, मनकर्णा तापानं आडवी झाली. गाय चारायला लटारूला जावं लागलं. उन्हं चढल्यावर तो तिला पाण्यावर घेऊन गेला. नाल्यावर बुधूचा कळप आधीच उतरला होता. माघारी फिरावं तर गाय तहानलेली. लटारू एका दगडावर बसला. बुधू पलीकडच्या दगडावर होता. बराच वेळ ढोरांच्या पाणी पिण्याचाच आवाज येत होता. चार वर्षांत दोघं एवढ्या जवळ बसले नव्हते.

"मनकर्णाबाईले काय झालं?" बुधूनं विचारलं, पाण्याकडंच पाहत.

"ताप हाय. तीन दिवस झाले."

"हं."

लटारूला वाटलं, आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही. "बुधू, त्या वक्ताले माह्या हातून…"

"थे राहू दे," बुधू म्हणाला. त्यानं काठी आडवी मांडीवर घेतली. "मले ठाण्यात बसवलं त्याचा राग नाई. सिपाई बसवतेच. पण तू मले पुसला नाई. साहेब तुले येऊन पुसला, तू मले येऊन पुसाचं होतं. तू म्हणला असतास, बुधू, साहेबाची नौकरी जाते, त मीच म्हणलो असतो, हाव, माह्या ढोरातली गाय गेली होती पट्टीवर. मी काई नाई म्हणलो नसतो. पण तू मले भाकर चारला अन् तोंडावर सांगतो म्हणला."

रेस्ट हाउसच्या खोलीत लटारूवर जे कोसळलं होतं, तेच बुधूवर लटारूच्याच अंगणात कोसळलं असतं, भाकरी हातात असताना, फक्त बुधूला ते काही दिवस उशिरा कळलं. त्यानं डोळ्यांवर दुपट्टा धरला आणि तो तसाच बसून राहिला.

बुधू उठला. ढोरांना हाक दिली. जाताना लटारूच्या गायीपाशी थांबला, तिच्या मानेवर बसलेली गोचीड बोटांनी काढली, दगडावर चिरडली, आणि कळपामागं निघून गेला.

त्यानंतर बाजारात भेटले की दोघं दोन शब्द बोलत. मोहाचं काय, पाण्याचं काय, मनकर्णाबाई कशी आहे. बुधूच्या पोरीच्या लग्नात लटारूनं चार दिवस पाणी भरलं, बुधूनं भरू दिलं. गाय मात्र मनकर्णाच चारत राहिली, आणि तिच्यानं होईनासं झालं तेव्हा लटारूनं ती विकून टाकली.